स्टेंट नको म्हणणारे डॉक्टर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आणि माझा आवाज चढतो, मग आई फोन काढून घेते. म्हणून लिहूनच कळवते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि पहिल्या पानावरच कागद भिरकावू नका.

तुमचं म्हणणं असं, की डॉक्टरांनी हात झटकले. सीटी अँजिओग्राफीत हृदयाच्या धमनीच्या एका शाखेत ७० टक्के अडथळा दिसतोय, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, आणि तरी हे म्हणतात गोळ्या घ्या, चालत राहा, तीन महिन्यांनी या. तुमच्या मित्राला मात्र लगोलग स्टेंट बसवला. मग तुम्हालाच का नाही? वय झालं म्हणून?

सगळे रिपोर्ट मी पुन्हा पाहिले. औषधचाचण्यांच्या कागदपत्रांत दिवसभर डोकं घालून बसणारी मुलगी तुमच्या नशिबी आली आहे, तिचा एवढा तरी उपयोग होऊ द्या. तुमचा त्रास ठरावीक श्रमानंतर येतो, थांबलात की जातो, आणि कित्येक महिन्यांत वाढलेला नाही. हृदयाचं पंपिंग चांगलं आहे. डावीकडच्या मुख्य धमनीचं सुरुवातीचं खोड मोकळं आहे. अशा माणसाला आधी औषधं नीट द्यावीत, असंच हृदयरोगाच्या गाइडलाइन्स सांगतात. ते खोड अरुंद असतं तर माझं पत्र वेगळं असतं.

यामागे आहे ती 'इस्केमिया' नावाची चाचणी. २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, सगळे तुमच्यासारखे स्थिर, आणि हृदयाला रक्त कमी पडतंय हे तपासणीत स्पष्ट दिसलेले. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला औषधं आणि शिवाय लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्याला फक्त औषधं, बाकीचं अगदी अडलं तरच. साधारण तीनेक वर्षं पाठपुरावा झाला. पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही रकाना पुन्हा तपासला होता. हार्ट अटॅकमध्येही एकूण म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो छातीच्या दुखण्यात: ज्यांना वरचेवर दुखायचं, त्यांना स्टेंट किंवा बायपासनंतर जास्त आराम मिळाला. म्हणजे औषधं पुरेशी घेऊनही जिना चढतानाचा तुमचा त्रास गेला नाही, तर स्टेंटचा विचार होईलच. ते दार कुणी बंद केलेलं नाही.

असं का होतं, हे तुम्ही विचारणारच. अटॅक बहुतेक वेळा येतो तो धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरली की. आणि फुटणारा थर हा सर्वांत मोठा अडथळा असतोच असं नाही. पुष्कळदा तो फोटोत किरकोळ दिसलेला असतो. स्टेंट एकाच जागेवर काम करतो. तुम्ही रात्री घ्यायला कंटाळता ती स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी मात्र सगळ्या धमन्यांमधले थर स्थिर करत असते. म्हणून ती चुकवू नका.

अटॅक चालू असताना मात्र हे सगळं उलटं होतं. तिथे पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी आणि मोठी धमनी बंद असेल तर दारात पाऊल टाकल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती फुग्याने उघडायची, असा दंडक आहे. तुमच्या मित्राला अटॅक आला होता, बाबा. त्यांचा आणि तुमचा अडथळा टक्क्यांत सारखा असला तरी आजार त्या घडीला सारखा नव्हता.

गाइडलाइन्समध्ये प्रत्येक शिफारशीपुढे दोन खुणा असतात. एक वर्गाची: पहिला वर्ग म्हणजे कराच, तिसरा म्हणजे करू नका, आणि मधला दुसरा म्हणजे माणूस पाहून ठरवा. दुसरी खूण पुराव्याची, ए पासून सी पर्यंत. सी म्हणजे पुरावा तुटपुंजा किंवा नुसतं तज्ज्ञांचं मत. २०१९ मध्ये अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या गाइडलाइन्सची मोजदाद झाली, तेव्हा ए दर्जाच्या शिफारशी फक्त ८.५ टक्के निघाल्या. म्हणून 'पुस्तकात आहे' एवढ्यावर मी गप्प बसत नाही, खूण कोणती ते बघते. तुमच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे.

आणि पटण्यासारखं वाटतं ते खरंच असतं, असंही नाही. अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणारे रुग्ण जास्त दगावतात, मग ठोके दाबणारं औषध द्या, हा तर्क किती सरळ वाटतो! डॉक्टर ती औषधं विश्वासाने देत होते. १९८९ मध्ये 'कास्ट' चाचणीचे निकाल आले: फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने ठोके कमी झाले, पण ती घेणारे रुग्ण नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले.

आता आई, तुझ्याकडे वळते. बाबांच्या डबीतली ॲस्पिरिन तू 'रक्त पातळ राहावं' म्हणून परस्पर घेतेस, हे मला बाबांनीच सांगितलं. चिडू नकोस त्यांच्यावर. तुला हृदयविकार नाही, स्टेंट नाही, पक्षाघात झालेला नाही, आणि सत्तरी उलटली आहे. 'ॲस्प्री' चाचणीत १९,११४ निरोगी वयस्क होते, जवळजवळ सगळे सत्तरीपुढचे. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांचा हृदयविकार काही टळला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. त्यामुळे २०१९ च्या अमेरिकी गाइडलाइनने तुझ्या वयात अशी सरसकट ॲस्पिरिन तिसऱ्या वर्गात टाकली. तीच गोळी बाबांना मात्र हवीच, त्यांच्या धमनीत आजार दिसलेला आहे. तेव्हा डबी त्यांची त्यांच्याकडे राहू दे, आणि आजवर घेत होतीस हे डॉक्टरांना सांग.

बाबांचं ब्लडप्रेशर तू घरी मोजतेस ना? पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोज. मोजताना त्यांना बोलू देऊ नकोस (जमल्यास). सकाळी उठल्यावर त्यांना गरगरतं म्हणालीस, तर उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही मोज. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांनी गोळ्यांकडे पुन्हा बघायला हवं. गाइडलाइनमधलं लक्ष्य गाठताना माणूस न्हाणीघरात पडला तर काय कामाचं!

आणि हे मात्र दोघांनीही पाठ करा. बसल्या जागी छातीत दुखलं, पूर्वीपेक्षा कमी श्रमात दुखू लागलं, किंवा बसून जिभेखाली गोळी ठेवल्यावरही पाच मिनिटांत थांबलं नाही, तर मला फोन नंतर. आधी ॲम्ब्युलन्स.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, की औषधांचा डोस पूर्ण चढवून झाला का, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती खाली आणायचा आहे, आणि कोणता त्रास राहिला तर स्टेंटचा विचार करायचा. मला त्या वेळी फोनवर घ्या. मी मधे बोलणार नाही, असं बाबांना सांग.

तुमची,
धाकटी