घरातली ओल तपासणाऱ्या सर्व्हेयरबाईंना, इंग्लंडमधल्या लेस्टरहून

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. माझी लेक हे इंग्रजीत करून तुम्हाला पाठवेल. तरी मूळ पत्र मराठीतच लिहितेय. आमच्यासारखी बरीच कुटुंबं इथं भाड्याने राहतात आणि भिंत काळी पडली की आधी स्वतःच्याच शेगडीकडे संशयाने बघतात. त्यांनीही हे वाचावं.

पहिल्या हिवाळ्यात मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात तिळाएवढे ठिपके होते. दुसऱ्या हिवाळ्यात कपाट सरकवलं तर मागे घोंगडी टांगल्यासारखी बुरशी. कपाटावरच्या बॅगेतल्या माझ्या पैठणीलासुद्धा कुबट वास. घरमालकाच्या एजंटचा माणूस आला, दारातूनच डोकावला आणि म्हणाला, रोज कुकर लावता, कपडे घरात वाळत घालता, खिडक्या उघडत नाही, ही तुमची लाइफस्टाइल आहे. बुरशीवर मारायची स्प्रेची बाटली देऊन गेला.

मी ते मानलं, हे लिहायला लाज वाटते. जानेवारीच्या थंडीत खिडकी सताड उघडून, स्वेटरवर स्वेटर चढवून मी वरण शिजवत होते. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी कोपऱ्याकडे एकदाच बघितलं. "ही वाफ नाही गं, वरून उतरलेली ओल आहे. पन्हळ बघा कुणीतरी." उभं आयुष्य साताऱ्याच्या पावसात गेलेली बाई ती. पण तिचं एजंट कशाला ऐकतोय!

मग तुम्ही आलात. फी ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला होता, त्यात तुम्ही चहाच्या आधीच सांगितलंत, "पैसे तुम्ही देताय, पण प्रकरण कोर्टात गेलं तर माझी बांधिलकी कोर्टाशी. चूक तुमची दिसली तर तीही लिहीन." हा तर विकतचा एजंट आणला, असं मला तेव्हा वाटलं.

तुम्ही घरात शिरायच्या आधी रस्त्यावर उभं राहून दुर्बीण काढलीत. शेजारीण पडदा सारून बघत होती. तिला वाटलं, पक्षी बघताय. पन्हळीचा सांधा सुटलेला होता आणि त्याच्या खाली विटांवर शेवाळाचा हिरवा ओघळ, थेट आमच्या कोपऱ्यापर्यंत. ही व्हिक्टोरियन काळातली घरं, भिंत भरीव, मधे पोकळी नाही. बाहेरची विट भिजली की आतल्या गिलाव्याला कळतंच. आत आल्यावर दोन सुयांचं मीटर तुम्ही आधी मधल्या कोरड्या भिंतीला लावलंत आणि मग कोपऱ्याला. हे मीटर लाकडासाठी बनवलेलं, गिलाव्यावरचा आकडा खरा टक्का नव्हे, फक्त तुलनेला घ्यायचा, हे तुम्ही माझ्या लेकीला समजावलंत. तिने ते शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

खाली सोफ्यामागची ओल वेगळी निघाली. मागच्या अंगणात कुणीतरी कधीतरी काँक्रीट ओतून वाट उंच केली होती. ती डॅम्प कोर्सच्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेल्या थराच्या, किमान १५० मिलिमीटर खाली हवी, आमची त्याच्याही वर. तुम्ही गुडघ्यावर बसून पट्टी लावलीत आणि फोटो काढलात. आठवडाभर दमटपणा नोंदवणारी एक छोटी डबी स्वयंपाकघरात ठेवून गेलात. कुकरच्या वेळी दमटपणा चढायचा आणि तासाभरात उतरायचा. बस, एवढाच आमच्या डाळीचा गुन्हा.

अहवालात आमच्याविरुद्धही एक परिच्छेद होता: बाथरूमच्या हवेच्या जाळीवर आम्ही थंडी येते म्हणून पुठ्ठा चिकटवला होता. नवरा चिडला. मला वाटतं, त्या परिच्छेदामुळेच घरमालकाने बाकीचा अहवाल खोटा म्हटला नाही.

'लाइफस्टाइल' हा शब्द आता ऐकवत नाही. रॉचडेलचा दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० च्या डिसेंबरमध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या आईबापांनाही हाच शब्द ऐकवला होता. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण तूर्त सामाजिक घरांनाच, म्हणजे कौन्सिलच्या किंवा गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांनाच. आमचं घर खासगी मालकाचं. आमच्या कामी आलं ते १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं ११ वं कलम. घराची बाहेरची बाजू दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आणि त्यात पन्हळी नाव घेऊन लिहिल्यात, हे तुम्हीच दाखवलंत. सासूबाईंना फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, "कायद्यालासुद्धा पन्हळ कळते, बघ."

पन्हळ बदलली. वाट खणली. बाथरूमला नवा पंखा बसला, पुठ्ठा मीच काढला. भरपाईचं अजून भिजत घोंगडं आहे, ते राहू दे.

भिंत कधी सुकेल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, महिन्याला साधारण इंचभर जाडी सुकते, घाईने रंग लावू नका. जाताना ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख घातलीत. ती रेघ मी पुसलेली नाही. काल बघितलं, कोरडी भिंत रेघेच्या पार चार बोटं आत गेली आहे.

मनापासून आभार.

आपली,
मागच्या बेडरूमची भाडेकरू