मारामारीच्या गेममधली रीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मारामारीच्या व्हिडिओ गेममुळे मुले हाताबाहेर जातात, अशा आशयाची पालकांची पत्रे सध्या आपल्या अंकात येत आहेत. मी मिरजेत कराटेचे वर्ग घेतो. माझ्याकडे येणारे आईवडीलही हेच विचारतात आणि त्यांची काळजी रास्त आहे. पण सगळ्याच गेमना एका माळेत ओवू नका, ही विनंती. त्यासाठी १९८४ सालच्या 'कराटेका'चे उदाहरण देतो.

जॉर्डन मेकनर या तरुणाने येल विद्यापीठात शिकता शिकता तो ॲपल टू संगणकासाठी तयार केला. हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने आपल्या कराटे शिक्षकांचे फिल्मवर चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून घेतले. संगीत त्याच्या वडिलांचे. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्यांना सांगायला हवे, की तोही याच मेकनरचा, १९८९ चा.

'कराटेका'त नायकाला राजकन्या मारिकोला दुष्ट सरदार अकुमाच्या किल्ल्यातून सोडवायचे असते. धावणे वेगळे आणि पवित्रा घेणे वेगळे. पवित्रा न घेता शत्रूच्या अंगावर गेलात, तर एका फटक्यात खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ठोसा आणि लाथ दोन्ही वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर. मार बसून ताकद घटली, तर दोन पावले मागे सरून थांबायचे, ती हळूहळू भरून येते. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, अंतर राखा म्हणून मी रोज घसा कोरडा करतो, ते इथे मुलांना आपोआप कळते. शत्रूला वाकून अभिवादन करण्याचीही सोय आहे. त्याचे गुण मिळत नाहीत, तरी ती ठेवली आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि शेवट! अकुमाला हरवून मारिकोच्या खोलीत तुम्ही पवित्र्यातच शिरलात, तर तीच तुम्हाला एका लाथेत लोळवते. पवित्रा सोडून, हात खाली घेऊन जावे लागते. वर्गातल्या मुलांना लॅपटॉपवर हे दाखवले, तेव्हा सगळे ओरडले, "सर, हे चीटिंग आहे!" एक यलो बेल्टची मुलगी मात्र म्हणाली, "तिला काय माहीत तो सोडवायला आलाय? तो तर मारायच्याच तयारीत उभा आहे." यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले. तेवढे मी भाषण देऊन साधले नसते.

२०२३ मध्ये 'द मेकिंग ऑफ कराटेका' हा खेळता येणारा माहितीपट प्रसिद्ध झाला. त्यात मूळ गेमबरोबर मेकनरचे कच्चे आराखडे, जुने चित्रण आणि त्या वेळचा पत्रव्यवहारही पाहायला मिळतो. आपल्या बालपुरवणीत नाटक-सिनेमांची ओळख येते, तशी अशा गेमचीही, करणाऱ्याच्या नावासकट, यावी. पालकांनी तो मुलांच्या शेजारी बसून खेळावा आणि मग काय ते ठरवावे.

आपला,
एक कराटे प्रशिक्षक, मिरज