मुलांचा टक्का घसरला म्हणून मैदानं काढून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"आता मुलं आहेतच कुठे?" हे वाक्य नवी मुंबईत अलीकडे फार कानावर येतं. सोसायटीच्या सभेत बागेतले झोपाळे काढून तिथे पार्किंग आखायचं असलं की कुणीतरी ते म्हणतं. शाळेसाठी राखलेल्या भूखंडाचा वापर बदलायची चर्चा निघाली की तेव्हाही तेच. आधाराला देशाचा आकडा असतोच: लोकसंख्येतला मुलांचा वाटा घटतो आहे. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. अंगणवाडीच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला यावर गप्प बसवत नाही.

१९७१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतची मुलं देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ४२ टक्के होती. २०११ मध्ये हा वाटा ३१ टक्क्यांच्या आत आला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आज तो २५ टक्क्यांच्या आसपास आहे. आता प्रत्यक्ष डोकी मोजू. १९७१ मध्ये या वयाची मुलं २३ कोटी होती, २०११ मध्ये ३७ कोटी. टक्का अकराने उतरला त्याच चाळीस वर्षांत मुलं १४ कोटींनी वाढली, कारण एकूण लोकसंख्याच ५५ कोटींवरून १२१ कोटींवर गेली. शिवाय माणसं जास्त जगू लागली, त्यामुळे मोठ्यांचा भाग फुगला. मुलांची संख्या खरोखर कमी व्हायला आता कुठे सुरुवात झाली आहे, तीही हळूहळू.

टक्का उतरला याचं मला समाधानच आहे. १९७१ च्या सुमारास देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आतच दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. ऐंशीच्या दशकात मी शहापूर तालुक्यात कामाला लागले, तेव्हा सहा-सात बाळंतपणं होऊन तीन-चार मुलंच हाती राहिलेल्या बाया पाड्यापाड्यावर भेटत. पुढे लस वेळेवर पोहोचू लागली, मुली शाळेत टिकू लागल्या, लग्नं थोडी उशिरा होऊ लागली, आणि त्याच घरांतल्या सुनांनी दोन मुलांवर थांबायचं ठरवलं. जन्मलेलं मूल जगेल अशी खात्री वाटल्याशिवाय कुठलीही आई दोनांवर थांबत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका स्त्रीमागे सरासरी २ आणि महाराष्ट्रात १.७ मुलं असल्याचं दिसलं. यात पावसापाण्यात पायी फिरलेल्या नर्सबाई आणि सेविकांचे कष्ट आहेत. डाग एकच, पण मोठा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो आपल्या राज्याने. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कुटुंब लहान झालं तेव्हा कात्री मुलींनाच लागली.

देशाचा सरासरी आकडा आपल्या गल्लीला लावता येत नाही. ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतींत म्हातारी जोडपीच जास्त दिसतील, आणि त्याच शहरात घोडबंदर रस्त्यावर सकाळी शाळेच्या बसगाड्यांची रांग लागलेली असते. वाशीच्या जुन्या सेक्टरांतली मुलं मोठी होऊन पुण्या-बंगळुरूला गेली. दिघा, तुर्भे इकडच्या वस्त्यांत मात्र दाराशी मुलंच मुलं. वाशीकडे पाहून तुर्भ्याची शाळा ठरवायची का?

मला सगळ्यात जास्त सलतं ते पुढचंच. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने पुढे आणला. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या अनेक शाळांचा पट खरंच कमी आहे. पण का? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मुलं त्यांच्यासोबत असतात. सर्व्हे रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा मी स्वतः मारला आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवलं तरी भट्टीजवळच्या शाळेत ते मूल दाखल होतंच असं नाही. कच्च्या विटा उलटायला लहान हात लागतात, धाकट्या भावंडाला सांभाळायलाही कुणी लागतं. म्हणजे मूल जन्मलेलं आहे, जिवंत आहे, फक्त आपल्या पटावर नाही. मूल नाही आणि मूल पटावर नाही यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने शाळा बंद करायच्या कागदावर सही करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे, ती चालत जाणाऱ्या लहान पायांचा विचार करूनच.

नवी मुंबईतही हेच घडतं. टॉवर बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमधली पोरं ना वॉर्डाच्या हिशेबात असतात, ना गावाकडच्या. इमारत उठली की ती पुढच्या साइटवर जातात.

दुसऱ्या टोकाला, जपानमध्ये मुलांचा वाटा ११-१२ टक्क्यांवर आल्याचं सांगून इथल्या तरुण जोडप्यांना "अजून एक होऊ द्या" असा उपदेश सुरू झाला आहे. घणसोलीहून अंधेरीला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलीला तो करण्याआधी तिच्या बाळाला दिवसभर कोण सांभाळणार ते सांगावं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत ती किती ठिकाणी आहे, हे कामगार खात्याने तपासून जाहीर करावं.

मी स्वतः ज्येष्ठ नागरिक आहे, पालिकेच्या विरंगुळा केंद्रात जाते आणि तिथे मला बरं वाटतं. पण आमच्यासाठी जागा हवी म्हणून मुलांची काढून घ्यावी असं तिथल्या आम्हा बायकांपैकी एकीलाही वाटत नाही.

आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर ठाण्याचा जिल्हा तुटून पालघर वेगळा झाला, खाडीच्या दोन्ही बाजूंना नवे सेक्टर उभे राहिले, आणि आपण अजून जुन्याच आकड्यांवर शाळा आणि अंगणवाड्या ठरवतो आहोत. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होणार आहे. तिचे प्रभागवार आणि वयोगटवार आकडे हाती येईपर्यंत ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी शाळा, मैदान आणि बालवाडीचं एकही आरक्षण बदलू नये. मार्च हा वीटभट्टीच्या ऐन हंगामाचा महिना आहे. त्यामुळे प्रगणकांना भट्ट्यांवर आणि बांधकामाच्या साइटवर पाठवण्याची तयारी जिल्हा प्रशासनाने आतापासून करावी, आणि त्यांच्यासोबत त्या भागातली अंगणवाडी सेविका द्यावी. कुठल्या खोपटात किती पोरं आहेत हे तिला माहीत असतं.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी मुख्यसेविका,
नेरूळ, नवी मुंबई