आई-बाबा, सामान बांधायला घ्या

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघूया" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून शेवटी लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळायचं नाही.

इथे वास्कोला, सड्यावर आमच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी भाड्याने घेतलाय. डिपॉझिट भरून झालं, ॲग्रीमेंट पण झालं. पावसाच्या आधी तुम्ही दोघांनी इथे यायचं. कोरगावात लोक काय म्हणतील ते मला माहितीए, लेकीच्या दारात जाऊन राहिले म्हणतील, म्हणून तर वेगळा फ्लॅट बघितला ना, तुमचं दार वेगळं, तुमची चूल वेगळी, दादा अबुधाबीहून अर्धं भाडं पाठवणार आहे आणि ह्यांनी तर मला न विचारताच बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले. घर आपण बंद करत नाही आहोत. शेजारच्या काकू तुळशीकडे दिवा लावतील, आणि चवथीला आपण सगळे कोरगावातच, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तिथेच बांधायची, त्यात कसलाही बदल नाही.

बाबा, विहिरीकडे आली ती चक्कर गॅसमुळे नव्हती. ईसीजीचा कागद मी बघितलाय. रागावून नाही लिहीत हो, पण हल्ली रात्री फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. पेडण्याहून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात यायचं म्हणजे आधी गाडी मिळाली पाहिजे, मग रस्ता. इथे चिखलीचं हॉस्पिटल खाली उतरलं की आहे आणि नवीन जुवारी पुलावरून बांबोळी पण लांब राहिली नाही.

आता तुम्ही जलदूतचा दाखला देणार, मला पाठ आहे तो. 1965 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याहून आपल्या सिंदिया जहाज कंपनीच्या 'जलदूत' या मालवाहू जहाजावर सत्तरीला टेकलेले इस्कॉनचे भक्तिवेदांत स्वामी चढले, वाटेत हार्ट ॲटॅक आले तरी बोस्टन करून न्यूयॉर्कला पोचले. बरोबर आहे, पण त्याच गोष्टीत सिंदिया चालवणाऱ्या सुमतीबाई मोरारजींनी या वयात जाऊ नका म्हणून आधी नाहीच सांगितलं होतं ना? ते तुम्ही नेहमी भरभर सांगता. मी सुमतीबाईंच्या बाजूची आहे. आणि स्वामींना तिकडे काम होतं, तुम्हाला विहिरीवर काय काम आहे, पंप आहे ना!

तुमची वही मी टाइप करायला घेतलीय. ती निळी, सुतळीने बांधलेली. सुकाण्यावर उभा राहून हात मोठा झालेला माणूस इतकं बारीक, सरळ अक्षर कसं काढतो हे मला अजून कळत नाही. ऑफिसमध्ये दुपारी एकेक पान करते आणि पोरं मागे उभी राहून वाचतात. 5 एप्रिलला सगळे छातीला मर्चंट नेव्हीचा छोटा झेंडा लावतात, पण 1919 च्या 5 एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालेलं 'लॉयल्टी' जहाज कुणाचं, ते एकालाही ठाऊक नव्हतं. तुमच्या पानावरून कळलं त्यांना, की ते मूळचं 1891 सालचं कॅनेडियन पॅसिफिकचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेऊन त्याचं हॉस्पिटल शिप केलं, आणि मग वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी मंडळींनी ते विकत घेऊन त्यावर सिंदिया कंपनी उभी केली. जुनं जहाज, 1923 ला मोडीतच निघालं. पण समोर कोण, तर लॉर्ड इंचकेप, पी अँड ओ आणि बीआय या दोन्ही ब्रिटिश जहाज कंपन्या त्याच्या हातात. मालवाहतुकीची भाडी पाडून पाडून नव्या कंपनीला जेरीला आणायचं आणि मग 1923 चा करार, दहा वर्षं ठरलेल्या टनांच्या वर जहाजं ठेवायची नाहीत. तुम्ही त्या कराराखाली लाल पेनाने रेघ मारलीय, कागद फाटलाय तिथे. मला वाटतं तेव्हा सही केली म्हणूनच कंपनी जगली, तुम्हाला ते पटत नाही, ते आपण इथे बसून भांडूया.

विशाखापट्टणमचं पान मला सगळ्यात आवडलं. 1941 च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हातून सिंदियाच्या जहाजबांधणी यार्डाची पायाभरणी, पुढच्याच वर्षी जपानी बाँब, आणि तरीही 14 मार्च 1948 ला नेहरूंनी 'जलउषा' पाण्यात सोडलं. आठ हजार टनांचं. ते वाचताना आमच्या ऑफिसमधला एक पोरगा म्हणाला, ह्यांच्या जहाजांची नावं किती छान होती, जलउषा, जलप्रभा, जलदूत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण बाबा, वही तिथेच थांबलीय. 1952 ला यार्ड सरकारने घेतलं, एवढं एक वाक्य आणि पुढे कोरी पानं. तुम्ही स्वतः ज्या जहाजांवर होता त्यातलं एकही नाही. मला कळतं का ते. ऐंशीच्या दशकात काय झालं ते लिहायला हात जात नसणार. जगभर भाडी कोसळली, कंटेनर आले, डेरिकने, म्हणजे जहाजावरच्याच क्रेनने, एकेक गोण उतरवणारी जहाजं धक्क्यावर आठवडे घालवायची आणि कंटेनरवाली येऊन निघून पण जायची, वर कर्जं. जहाजं एकेक करून विकली गेली. त्यात सारंग, टिंडेल, सुकाणी, आगवाले या खलाशांचा काय दोष? कुणाचाच नाही. तेच लिहा ना तुम्ही. वालचंदांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ब्रिजवर रात्री बारा ते चार सुकाणू धरणाऱ्यावर कोण लिहिणार? मला अजून आठवतं, सुट्टीवर आलात की खिडकीच्या गजाला दोरी बांधून मला गाठी शिकवायचात, आणि मी चुकले की काही न बोलता सोडून परत हातात द्यायचात. ते पण लिहा. नको वाटलं तर तोंडी सांगा, मी टाइप करते.

इथल्या गॅलरीतून नांगर टाकलेली जहाजं दिसतात. खुर्ची ठेवलीय तिथे, हातांची, पाठ सरळ राहील अशी.

आई, तुझं मी विसरले नाही गं. पाववाला पोदेर सकाळ-संध्याकाळ दारात येतो, नुस्तेंवाली पण येते आणि बांगडे चांगले असतात. उकडे तांदूळ, सोलां, तुझा दगडी रगडा, सगळं घेऊन ये, किचनचा ओटा तुझ्या उंचीला पुरतो, मी उभं राहून बघितलं. अबोलीच्या कुंड्या गाडीत बसतील. श्रावणात दामोदराचा सप्ताह आहे, चोवीस तास भजन, तुला यंदा टीव्हीवर नाही बघायचा. एकच, माझ्या घरात येऊन भांडी घासायला बसायचं नाही.

आता नीट ऐका. रविवारी सकाळी सातला गाडी येईल, ह्यांच्याबरोबर मी असेन. बाबांच्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि आधार कार्डं एकाच पिशवीत, ती पिशवी आईच्या हातात, डिकीत नाही. तुमची पत्र्याची ट्रंक उचलायला बाबांनी हात लावायचा नाही, लावलात तर मला काकू सांगणारच आहेत. पंपाचा फ्यूज काढून ठेवा, दूधवाल्याचा हिशोब चुकता करा. एक कोरी वही वर ठेवा, मला लगेच लागेल. आणि शनिवारी रात्री दोघं लवकर झोपा, सकाळी नुसता चहा नको, पेज घेऊनच निघायचं.

तुमची,
सुमी