दिवा मंद का झाला? : बंड्यास पत्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची पहिली चाळीस पानं वाचली. आठव्या पानावर खून, रक्त भरपूर आणि नवरा पहिल्या वाक्यापासून खुनी दिसतो. नवरा-बायकोच्या घरात घडणाऱ्या या थ्रिलरांत लोकांना एवढं काय सापडतं, असं विचारलंयस आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलंयस : शेवटचा धक्का. मला नाही पटत. धक्का एकदाच बसतो. तरी तीच कादंबरी लोक दुसऱ्यांदा काढून वाचतात, ती कशासाठी?

पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ सालचं ‘गॅस लाइट’ हे नाटक घे. त्यावरूनच पुढे ‘गॅसलायटिंग’ हा शब्द रुळला, म्हणजे माणसाला स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावणं. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ चा शब्द म्हणून तोच निवडला. बहुतेकांना वाटतं, बायकोला वेड लागावं म्हणून नवरा मुद्दाम दिवे मंद करतो. नाटकात तसं नाही. तो वस्तू लपवतो, आळ तिच्यावर घेतो, हे खरं. पण दिव्याचं काम त्याच्या हातात नाहीच. बाहेर जातो म्हणून सांगून तो चोरवाटेने बंद असलेल्या वरच्या मजल्यावर जातो, माणकं शोधायला. तिथे दिवा लावला की गॅसच्या नळीतला दाब वाटला जातो आणि खाली तिच्या खोलीतली ज्योत बारीक होते. त्याने वरचा दिवा विझवला की ती पुन्हा मोठी होते आणि थोड्या वेळाने स्वारी दारात हजर. म्हणजे दिवा तिला फसवत नाही, नवऱ्याची चहाडी करतो!

माझ्या मते सगळी गोडी इथे आहे. घरातली माणसं खोटं बोलतात, वस्तूंना ते जमत नाही आणि वाचकाला दोघांचं एकाच वेळी ऐकू येत असतं. बाहेरच्या खुन्याला दाराला कडी लावून अडवता येतं. इथे कडीच घरातला खुनी लावतो आणि चहात साखर किती हेही त्याला माहीत असतं.

‘गॉन गर्ल’ (२०१२) ही कादंबरी तू वाचली आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तिचे भाग तीन आणि मोठा उलगडा दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच. जिलियन फ्लिनने धक्का मधोमध खर्चून टाकला, तरी आपण पुस्तक खाली ठेवत नाही. बायको नाहीशी झालीय, दिवाणखान्यात झटापट झाली म्हणतात, पण मँटलवरच्या, म्हणजे शेकोटीवरच्या फळीवरच्या, फ्रेम्स उभ्याच. तिथे नुसते जोरात पाय आपटले तरी त्या कोसळतात, हे पोलीस करून बघतात. आता त्या बायकोच्या डायरीची युक्ती बघ. बाई ‘मी’ म्हणून बोलत असताना ऐन मोक्याची गोष्ट गिळून बसली, तर ती लेखकाची लबाडी. वाचक चिडतो, आणि चिडायलाच हवा. डायरी मात्र कुणीतरी वाचावी म्हणून लिहिलेला कागद आहे. त्यात पात्राने खोटं लिहिलं तर ते पात्राचं पाप, लेखक सुटला. तुझी मीरा तिसऱ्या प्रकरणात बाथरूममध्ये एकटी आहे, मनातलं बोलतेय आणि तरी कालची रात्र तिला ‘आठवत’ नाही. ही उघड चोरी आहे.

विसरच हवा असेल तर त्याचे नियम पाळ. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ची (२०१५) रेचेल दारूत बुडालेली आहे. दारूने आठवणीचा पूर्ण काळोख (ब्लॅकआउट) झाला की त्या वेळची नोंद मेंदूत होतच नाही. मग अख्खी रात्र पुढे सिनेमासारखी परत कशी येईल? अर्धवट काळोखात मात्र एखादा वास, एखादी जागा यांनी तुकडे हाताला लागतात. लेखिका पॉला हॉकिन्सचा खरा डाव याच्या पुढचा आहे : रिकाम्या जागेत नवऱ्याने सांगितलेलं भरलंय आणि रेचेल त्यालाच आठवण समजते.

आता कामाचं. लिहिण्याआधी तक्ता कर. एका रकान्यात खरं काय घडलं, तारीख-वेळेसह. शेजारी प्रत्येक पात्र त्याबद्दल काय सांगतं ते. संशयित चार, फार तर पाच. त्याहून जास्त झाले की कादंबरी हेरकथेकडे सरकते आणि घर मागे पडतं. प्रत्येक पुरावा दुसऱ्याच कुठल्यातरी कामाच्या गडबडीत दाखव. किल्ली वाचकाला दिसली पाहिजे, पण त्या क्षणी त्याचं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे हवं.

ठाण्यातला फ्लॅट निवडलास ते उत्तम, पण इंग्रजी उपनगरातलं एकटेपण तसंच्या तसं उचलू नकोस. आपल्याकडे सकाळी दूधवाला, नऊला कामवाली, किल्ली समोरच्या काकूंकडे, खाली वॉचमनची वही. एवढ्या वर्दळीत बाई एकटी पडते ती माणसं नाहीत म्हणून नव्हे, सगळी नवऱ्याच्या बाजूची आहेत म्हणून. काकूंचं ‘किती गुणी नवरा मिळालाय तुला’ हे बंद दारापेक्षा भयंकर. शिवाय धारप-मतकरींवर वाढलेला वाचक, रिकाम्या खोलीत वास आला की भुताची वाट बघत बसतो. ते दार पहिल्या पन्नास पानांतच बंद कर.

आणि पुरावा रक्ताचा कशाला? १४.२ किलोचा सिलिंडर दोघांच्या साध्या स्वयंपाकाला दीड-दोन महिने पुरतो. तुझ्या मीराकडे तो पंचविसाव्या दिवशी संपू दे. पाहुणे नाहीत, फराळ नाही, गळतीही नाही. बुकिंगचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर जातो, त्यामुळे तारखा तिला कळतच नाहीत. कळतात त्या कामवालीला, कारण टाकी दारातून आत तीच ओढते. ती सहज म्हणेल, ‘ताई, या महिन्यात दुसऱ्यांदा?’ मीरा दिवसभर ऑफिसात असते, तेव्हा त्या घरात कुणासाठी शिजतंय?

खून तिथून शंभर पानं लांब ठेव. पुढची पानं पाठव.

तुझा,
नाना