कोपर सोडून बाकीचं

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

काल जेवताना "आई, कोपर सोडून काहीही बोल" म्हणालास आणि ताट तसंच टाकून वर गेलास. बरं. उद्या पहाटे बाबा तुला नेवार्कच्या विमानतळावर सोडतील, गाडीत तुम्ही दोघं गाणी लावाल, म्हणजे बोलणं काही व्हायचं नाही. म्हणून हे लिहितेय. कोपराचं शेवटी, आणि तेही दोन ओळींत.

आधी पैसे. बेसबॉल संघाशी पिचर म्हणून सही करताना कॉलेजचा खर्च करारात घालून घेतलाय, त्याची अट विसरू नकोस: खेळणं थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर ती रक्कम बुडते. सहीचा बोनस एकदाच मिळतो. पगार त्याहून वेगळा आणि बेताचाच. २०२३ च्या करारानं खालच्या लीगचे पगार दुपटीहून वाढवले, तरी सिंगल-एला वर्षाचे २६,२०० डॉलर ठरले. राहायची सोय संघाची आहे, खर्चाचा तक्ता ताईनं करून दिलाय. नवी गाडी घ्यायची नाही. विनूदादाचं काय झालं ते आठव.

वरची शिडीही एकदा नीट बघून ठेव. कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, मग सगळ्यात वर मेजर लीग. संघ नवी मुलं निवडतात त्या ड्राफ्टच्या २० फेऱ्यांतून दर वर्षी सहाशेवर मुलं आत येतात, शिवाय डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलातली मुलं ड्राफ्टशिवाय येतात ती निराळी. वर ३० संघ, प्रत्येकात २६ जण, म्हणजे एकूण जागा ७८०. त्यातल्याही बऱ्याच वर्षानुवर्षं अडलेल्या. हे घाबरवायला लिहीत नाही. मावशी सगळ्यांना "आमचा ओंकार पुढच्या वर्षी टीव्हीवर" सांगत सुटलीय, तिला कोणीतरी आवरायला हवं म्हणून लिहितेय.

फ्लोरिडात दुपारी ऊन आणि दमट हवा, दोन्ही. नुसतं पाणी पीत राहू नकोस, त्यात मीठ-साखर हवी. आपल्याकडे मार्चमधली पहिली मॅच तू टोपीखाली कानपट्टी बांधून टाकायचास, तिथे तिसऱ्या इनिंगलाच टी-शर्ट पिळून काढावा लागेल. घामट हातात चेंडू सरकतो. शिवाय तिथला चेंडू वेगळा. शाळेच्या चेंडूची शिवण उंच असते, बोट तिच्यात अडकतं आणि स्लायडर, तुझा तो वळणारा चेंडू, आपोआप वळतो. प्रोफेशनल चेंडूची शिवण बसकी. पहिल्या आठवड्यात तुझा स्लायडर नुसता तरंगेल आणि तुला वाटेल की आपली कलाच गेली. तसं काही नसतं. मधलं बोट शिवणीच्या कडेला थोडं आणखी आत घे, आणि रोजच्या कॅचमध्ये, कमी वेगात, त्याची सवय कर. (नव्या चेंडूची चकाकी घालवायला जो चिखल चोळतात तो डेलावेअर नदीच्या जर्सीकडच्या काठावरचा, हे तुला माहीत आहे का? अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, मग वास घेऊन बघ म्हणावं, घरची आठवण येते का.)

फक्त चेंडू सरकतो म्हणून मूठ आवळू नकोस. मूठ आवळली की कोपराखालचे स्नायू लवकर थकतात, आणि ते थकले की...

आलंच बघ कोपर. आता लिहूनच टाकते.

हात मागे पूर्ण वळलेला आणि छाती पुढे निघालेली, त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला साठेक न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. प्रयोगशाळेत तिथली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट एकटं साधारण त्याच्या निम्म्यालाच तुटतं. उरलेला भार ते कोपराखालचे स्नायू उचलतात. म्हणून दमलेल्या हातानं टाकलेला एक चेंडू ताज्या हातानं टाकलेल्या चेंडूसारखा नसतो, वेग तोच दिसला तरी. हात थकलेला असताना वारंवार टाकणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा संभव ३६ पट, हे २००६ च्या अभ्यासात निघालं.

आणि तुम्ही मोजता काय, तर स्कोअरबुकातले चेंडू. ८० लिहिलेत म्हणजे ८० नाहीत. आधी बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागी, तीसेक, मग गरम होण्याचे पहिल्या इनिंगला आठ आणि पुढे दर इनिंगला पाच, सहा इनिंगचे झाले ३३. कोपरानं टाकले एकशे चाळीसच्या वर. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या नियमावलीत १७-१८ वर्षांच्या मुलाला दिवसाला १०५ ची मर्यादा आहे, आणि ८० च्या वर गेलास तर चार दिवस विश्रांती. चार म्हणजे चार. तिसऱ्या दिवशी "हात मोकळा करायला" टाकलेले पंचवीस जोरदार चेंडू ही विश्रांती नव्हे.

दुखण्याचेही प्रकार असतात. खांद्यामागे, दंडाच्या मांसल भागात जड वाटलं आणि दोन दिवसांत गेलं तर ते कामाचं दुखणं, त्याची काळजी मी करत नाही. कोपराच्या आतल्या हाडाच्या टेंगळाखाली एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील, मनगटाकडचा भाग आखडून सुटत नसेल, किंवा फास्टबॉल उगाच वर आणि उजवीकडे सुटायला लागला असेल, तर त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचं. कोचला नाही, रूममेटला नाही, ताईला तर नाहीच. ट्रेनरला. आणि टाकण्याआधी आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. तुझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातली ती बाटली अर्धी रिकामी आहे, आणि घरात कोणाचं डोकं दुखत नव्हतं.

सांगितलं तर संधी जाईल, ही तुझी भीती मला कळते. एप्रिलमधली शेवटची घरची मॅच. जाळीमागे संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट ओळीनं बसलेले. तू हात वर घेतलास की सगळ्यांच्या वेग मोजायच्या रडार गन एकदम वर, चेंडू कॅचरच्या हातात आपटला की सगळ्या माना खाली, वहीत आकडा. ताशी ९४ मैल. बाबांनी माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. बारा वर्षांचा असताना ४६ फुटांवरून टाकायचास, आणि पहिल्यांदा ६० फूट ६ इंचांवर उभा राहिलास तेव्हा तीन चेंडू कॅचरच्या आधीच टप्पा खाऊन गेले होते. रडला नाहीस. चौथा पोचला. तो मुलगा ९४! पण त्याच मॅचला पाचव्या इनिंगमध्ये आकडा ९० वर आला, कोपर खांद्याच्या खाली उतरलं होतं, आणि तरी तू डगआउटमध्ये "मी ठीक आहे" म्हणालास. वहीत दोन्ही आकडे आहेत.

मेजर लीगनं डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच अहवाल काढला: सतत पूर्ण जोर लावणं, वेग आणि फिरकीच्या मागे धावणं, हेच दुखापती वाढण्याचं मुख्य कारण. २००८ मध्ये फास्टबॉलची सरासरी ९१.३ होती, २०२४ मध्ये ९४.२. माणसाचं लिगामेंट मात्र तेवढंच राहिलं. तुझे मित्र म्हणतात, टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या लिगामेंटची ती शस्त्रक्रिया, करून घेतली की वेग वाढतो. वाढत असेल तर तो वर्षभर केलेल्या व्यायामानं. मनगटातून किंवा मांडीतून काढलेला स्नायुबंध कोपरात ओवतात, तो लिगामेंटसारखा व्हायला १२ ते १८ महिने लागतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिली केली तेव्हा, जिच्यावरून नाव पडलं तो टॉमी जॉन ३१ वर्षांचा, मुरलेला पिचर होता. तू १८ चा आहेस. पिचर कुमार रॉकर आपल्या मंडळात सगळ्यांना पाठ आहे: २०२१ ला दहाव्या क्रमांकावर निवड, वैद्यकीय तपासणीनंतर करार नाही, २०२२ ला तिसऱ्या क्रमांकावर पुन्हा निवड, मे २०२३ ला शस्त्रक्रिया, सप्टेंबर २०२४ ला पहिली मेजर मॅच. लोक शेवटचं वाक्य सांगतात. मी मधली वर्षं मोजते.

झाली शाळा सुरू. दोन ओळी म्हटलं होतं. रागावू नकोस रे. तुझ्या हातात काय आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच जीव खालीवर होतो. शाळेचा सीझन संपून फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे या उन्हाळ्यात संघ तुला बहुधा मॅच देणारच नाही, नुसतं बुलपेन आणि जिम. कंटाळशील. शेजारचा पोरगा पहिल्याच दिवशी ९७ दाखवेल. दाखवू दे.

अप्पांना रविवारी फोन कर, त्यांच्या सकाळी, म्हणजे तुझ्या शनिवारी रात्री. इतकं कोपर वाकवलं तर पंच नो-बॉल देईल, असं ते अजूनही म्हणतात. वाद घालू नकोस.

तुझी,
आई

ता. क. विमानात बॅग वर ठेवताना डाव्या हातानं ठेव.