रक्षाताई, इनाम आधी पंचांच्या हातात ठेवायला सांगा

मा. रक्षाताई खडसे,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा, म्हणजे तुमच्याच मतदारसंघातला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी खारघरच्या एका फ्लॅटमध्ये ‘बीजीएमआय’ हा ‘पबजी’चा भारतीय अवतार असलेला मोबाइल गेम खेळणाऱ्या संघाचा अ‍ॅनालिस्ट होतो. हे काय काम असतं, असं माझ्या वडिलांनी विचारलं होतं, तुम्हालाही प्रश्न पडेल. झोन, म्हणजे जिवंत राहायचं वर्तुळ, कुठे सरकतो, समोरचा संघ कुठे उतरतो, गाडी कुठल्या वाटेनं काढतो, याच्या वह्या भरायच्या आणि रात्री पोरांसमोर उलगडायच्या. पोरं दुपारी बारापासून रात्री अकरापर्यंत स्क्रिम्स, म्हणजे सरावाचे सामने, खेळायची. फोनच्या पाठीला छोटा पंखा, अंगठ्यांना कापडी टोप्या. घाम आला की अंगठा काचेवर अडकतो आणि नेम जातो.

जून-जुलै २०२२ मध्ये या खेळाची ‘मास्टर्स सिरीज’ स्टार स्पोर्ट्स २ वर लागली. बक्षीस दीड कोटी. आम्ही खालच्या पायरीवरचे, त्यात नव्हतो, पण रोज रात्री जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. आमच्या आयजीएलची, म्हणजे कप्तानाची, आई परतवाड्याहून फोन करून विचारायची, ‘टीव्हीवर दाखवतायत तेच का रे तुझं?’ चार वर्षांत पहिल्यांदा त्या बाईच्या आवाजात काळजी नव्हती.

१७ जुलैला अंतिम फेरी झाली, ग्लोबल ईस्पोर्ट्स हा संघ जिंकला. २८ जुलैला सरकारी आदेशानं गेम प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवरून गेला. अकरा दिवस! गंमत अशी, की ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता त्यांचा चालतच राहिला. म्हणजे खेळ होता, पोरं होती, फक्त स्पर्धा नव्हत्या. ऑगस्टचा पगार झाला नाही. मालकांचा माणूस आला आणि संघाचे फोन चार्जरसकट मोजून, खोक्यात भरून घेऊन गेला. एका जुन्या स्पर्धेतला आमचा बक्षिसाचा वाटा मला चौदा महिन्यांनी मिळाला, तोही हप्त्याहप्त्यानं. टीडीएस मात्र सगळ्या रकमेवर पहिल्याच फटक्यात कापलेला.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर नशीब म्हटलं असतं. पण २०२० मध्येही ऑगस्टमध्ये ऑरेंज रॉक हा भारतीय संघ ‘पबजी मोबाइल’च्या वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात दुसरा आला, आणि २ सप्टेंबरला ११८ अ‍ॅपवर बंदी आली, त्यात तोही गेम. दक्षिण आशियाच्या प्रो लीगमधून भारताचं नाव पुसलं गेलं. दोन्ही वेळा देशाच्या सुरक्षेचं कारण होतं आणि त्यावर मी वाद घालणार नाही. अशा आदेशाची आगाऊ दवंडी पिटता येत नाही, हेही मला कळतं.

मला कळत नाही ते पुढचं. गेम बंद असतानाच, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमला, बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता मिळाली. मे २०२३ मध्ये गेम तीन महिन्यांच्या बोलीवर परत आला, तोवर आमचा आयजीएल काकांच्या कृषी केंद्रात युरियाच्या गोण्या मोजत होता. त्यानं दोन संघांच्या चाचण्या दिल्या. दोन्हीकडे त्याच्याहून चार वर्षांनी लहान पोरं घेतली.

आता २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आहे. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्यानं बंदी घातली, ते बरंच झालं. माझ्या दुकानात त्यापायी घरचे दागिने गहाण टाकलेली पोरं येऊन गेली आहेत. पण त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर ई-स्पोर्ट्सचाही बराच प्रपंच चालायचा. ड्रीम११ गेल्यावर क्रिकेटच्या जर्सीला काही आठवड्यांत टायरवाला प्रायोजक मिळाला. आमच्याकडे कोण येणार?

कायदा म्हणतो, ई-स्पोर्ट्सची नोंदणी व्हावी, आणि कामगिरीवर बक्षिसाची रक्कम देता येईल. नोंदणीच्या नियमांत तुमच्या खात्याचा शब्द चालेल, म्हणून हे पत्र. ताई, आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत इनाम आधी पंचांकडे जमा होतं, मग पैलवान लंगोट कसतो. पाऊस आला, मारामारी झाली, दंगल मोडली, तरी पैसे कुठे आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. लीगलाही हेच लावा. पहिली मॅच व्हायच्या आधी बक्षिसाची पूर्ण रक्कम आणि करारातल्या खेळाडूंचा तीन महिन्यांचा पगार, एवढी अनामत आयोजकाकडून आणि संघमालकाकडून घ्या. उद्या कुठल्याही कारणानं गेम थांबला, तर तीस दिवसांत त्यातून पोरांचे पैसे चुकते व्हावेत. कोच, अ‍ॅनालिस्टही त्यात धरा, हा माझा स्वार्थ समजा हवं तर. सरकारचा यात एक रुपया जात नाही.

एवढी अनामत भरायची म्हटल्यावर निम्म्या स्पर्धा होणारच नाहीत, असं तुम्हाला आयोजक सांगतील. खरं आहे. त्यातल्या बऱ्याच स्पर्धांचे पैसे आमच्या पोरांना आजही आलेले नाहीत.

वह्या अजून माझ्याकडे आहेत. पत्राची एक प्रत तुमच्या मुक्ताईनगरला स्वतः आणून देईन. शुक्रवारी दुकान बंद असतं.

आपला,
भुसावळचा एक मोबाइल दुरुस्तीवाला